समुद्राकाठची मोकळी वाट



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. आमचे शाळेतले शिक्षण चौथीत संपले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, जुन्या वर्तमानपत्रांच्या आणि उसन्या पुस्तकांच्या संगतीत झाले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आमच्याकडून कोणी करू नये. आम्ही आज सायकलीवर बोलणार आहो. मुलचेऱ्यात बसून समुद्राकाठच्या सायकलवाटेची गोष्ट सांगणे काहींना विनोदी वाटेल. शेवटपर्यंत ऐका, मग हसायचे की नाही ते ठरवा.

आमची चळवळ सायकलीवर वाढली. तेंदूपत्त्याच्या हंगामात सत्तर पानांचा एक पुडा अशा हिशेबाने मजुरी ठरते. तो हिशेब बरोबर मांडला जातो की नाही हे पाहायला आम्ही पहाटे सायकलीवर निघत असू आणि दुपारपर्यंत तीन-चार गावांच्या फळ्या पालथ्या घालत असू. मोटार ठेवण्याची आमची ऐपत नव्हती आणि गरजही नव्हती. रस्ता मोकळा होता. एखादी एस.टी., एखादा लाकडांचा ट्रक, बाकी सगळी माणसे आणि गुरे.

तो रस्ता आता तसा राहिला नाही. जड मालमोटारी रात्रंदिवस धावतात. आमचा एक सहकारी वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन तिन्हीसांजेला परतत असता अशाच एका मालमोटारीखाली सापडला. जीव वाचला, उजवा पाय गेला. दवाखान्यात आम्ही त्याच्या उशाशी बसलो होतो. तो म्हणाला, “दादा, चूक माझीच. मी कडेला उतरायला हवं होतं.” त्या कडेला उतरायला जागाच नव्हती, हे आम्हांला ठाऊक होते. ज्याचा पाय गेला तोच स्वतःला गुन्हेगार समजतो, ही गोष्ट आमच्या मनाला फार लागली. सायकलस्वाराला सुखाने जाता येईल असा रस्ता या राज्यात आहे तरी कोठे, हा प्रश्न त्या दिवशी मनात शिरला.

त्या प्रश्नाचा पाठपुरावा करीत पुढच्या हिवाळ्यात आम्ही तिघे कोकणात गेलो. सायकली रेल्वेत घालून मुंबई गाठली, भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मांडव्याला उतरलो आणि दक्षिणेकडे चाके वळवली. आमच्यातल्या एकाने तोवर समुद्र पाहिला नव्हता. किहीमच्या किनाऱ्यावर तो बराच वेळ उभा राहिला, मग वाकून त्याने पाण्याची चव घेतली आणि खात्री करून घेतली.

कोकणाची रचना सायकलस्वाराने समजून घेण्यासारखी आहे. मुंबई-गोवा महामार्ग समुद्रापासून बराच आत, डोंगराच्या बाजूने जातो. साहजिकच लांबची जड वाहतूक तिकडे जाते. किनाऱ्याला रेवसपासून रेडीपर्यंत सुमारे ५०० किलोमीटरचा सागरी मार्ग आहे. तो अनेक खाड्यांनी तोडलेला आहे, आणि हे तुटणेच सायकलस्वाराच्या पथ्यावर पडले आहे. मुरूडच्या पुढे आगरदांडा आले की रस्ता संपतो. तेथून फेरीबोटीने पलीकडे दिघीला जायचे. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करीत बागमांडल्याला आले की पुन्हा बोट, पलीकडे वेसवी. दाभोळहून धोपाव्याला बोट, तवसाळहून जयगडला बोट. घाईच्या गाडीवानाला ही अडचण वाटते, म्हणून तो महामार्ग धरतो. ज्याला घाई नाही त्याच्यासाठी किनाऱ्याचा रस्ता उरतो.

तो सर्वस्वी वाहनमुक्त आहे असे मात्र समजू नका. शनिवार-रविवारी मोटारींची रीघ लागते. चढही छातीवर येतात. खाडीतून वर चढायचे, जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावर ऊन खायचे, पुन्हा उतरून नारळी-पोफळीच्या सावलीत शिरायचे, असा क्रम दिवसभर चालतो. खरी वाहनमुक्त वाट पाहायची तर वाडीवाडीतली पाखाडी पाहावी. जांभ्याची फरसबंदी, दोन्ही बाजूंना गडगे आणि मधून माणसापुरती वाट. पायऱ्या आल्या की आम्ही सायकल खांद्यावर घेत असू. पूर्वजांनी माणसाच्या मापाने रस्ते बांधले होते, हे तेथे कळते.

आता त्या मार्गाचे रूप पालटणार आहे. राज्य रस्ते विकास महामंडळाने सागरी मार्गाचे रुंदीकरण आणि खाड्यांवरचे मोठे पूल हाती घेतले आहेत. एका जेटीवर दोरखंड गुंडाळणारा तरुण आम्हांला म्हणाला, “काका, पूल झाला की गाड्या वरून जातील. आम्ही कुठं जायचं?” आम्ही कामगार संघटनेची माणसे, तरी आमच्यापाशी चटकन उत्तर नव्हते. कारण त्याच बोटीत एक बाळंतीण होती आणि तिच्या सासूला पूल कधी होतो असे झाले होते. पूल नको असे म्हणणारे आम्ही कोण? पूल व्हावेत. पण पूल आखतानाच पायी चालणाऱ्यासाठी आणि सायकलस्वारासाठी त्यावर वेगळी पट्टी असावी. वाहने नव्या रस्त्याने गेली की गावातला जुना रस्ता माणसांसाठी राखावा. बोटीवरच्या कामगारांच्या पोटाची सोय पूल खुला होण्याआधी करावी. नकाशा कागदावर असतो तोवर रेघ पुसता येते, सिमेंट घट्ट झाल्यावर पुसता येत नाही.

असे कोठे झाले आहे काय? झाले आहे. आयर्लंडात वॉटरफर्डपासून समुद्राकाठच्या डनगार्व्हनपर्यंत एक बंद पडलेला लोहमार्ग होता. त्याच्या जागी ४६ किलोमीटरची सायकलवाट केली आणि २०१७ साली ती लोकांना खुली झाली. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याने हजार किलोमीटरांहून लांब सायकलमार्ग गेला आहे. त्यासाठी कालव्यांचे काठ, जुने लोहमार्ग आणि पाइनच्या जंगलातल्या वाटा जोडून घेतल्या. अगोदरच असलेल्या, पण विसरलेल्या वाटांचा त्यांनी उपयोग केला.

त्या फ्रान्समध्ये १९३६ साली मोठा संप झाला आणि कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली. तेव्हा हजारो कामगार सायकलींवर बसून समुद्र पाहायला निघाले. इंग्लंडमध्ये त्याही आधी, १८९४ साली, बर्मिंगहॅमच्या समाजवादी तरुणांनी क्लॅरिअन सायकल क्लब काढला. ते सहलीला जात आणि वाटेत चळवळीची पत्रके वाटीत. म्हणून सायकलची सहल हा श्रीमंतांचा शौक आहे असे आम्हांला कोणी सांगू नये. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा दिली. पण ती कारखान्यातल्या कामगाराला. तेंदूपाने तोडणाऱ्या बाईला रजा कोण देणार, आणि समुद्र कोण दाखवणार?

आता आपल्या गावाकडे येतो. मानव विकास कार्यक्रमातून शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली मिळतात. ही योजना चांगली आहे. परंतु सायकल दिली आणि वाट दिली नाही, तर आपण त्या पोरीला मालमोटारीच्या चाकाशेजारी नेऊन सोडतो. आमच्या सहकाऱ्याचा पाय गेला तो त्याच रस्त्यावर, हे विसरू नका.

आपल्याजवळही विसरलेल्या वाटा आहेत. कूप तोडताना लाकूड काढायला केलेले जंगलरस्ते आहेत, गावागावांना जोडणाऱ्या बैलवाटा आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात शाळा, दवाखाना, रस्ता अशा गावाच्या सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरच्या आतली वनजमीन मिळण्याची तरतूद आहे. हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तोडता येत नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस लागते. आम्ही हिशेब करून पाहिला. दोन मीटर रुंदीची वाट धरली तर चार किलोमीटरला आठ हजार चौरस मीटर जागा लागते. म्हणजे एका हेक्टरच्या आत एका गावची शाळेची वाट बसते.

कोणी म्हणेल, जंगलात वाघ आहे. आहे, आणि त्याचे भय खोटे नाही. म्हणूनच दाट रानातून एकट्या मुलीला पाठवा असे आम्ही म्हणत नाही. जेथे रान दाट तेथे मोठ्या रस्त्यालगतच, पण मालमोटारींपासून दगडी कठड्याने वेगळी केलेली पट्टी मागावी. जेथे शेते आणि वस्ती तेथे जुनी वाट उघडावी. कोणती कोठे, हे गावानेच ठरवावे. वाघाची वाट गावकऱ्याइतकी दुसऱ्या कोणाला माहीत नसते.

येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा एवढेच आमचे मागणे आहे. ठरावाचा मसुदा आमच्या त्या सहकाऱ्याने स्वतःच्या अक्षरात लिहिला आहे. तो आज समोरच्या रांगेत बसला आहे आणि कुबडी त्याने खुर्चीखाली सरकवून ठेवली आहे. सभा संपल्यावर मसुदा त्याच्याकडून घ्यावा. आणि घेताना, त्या दिवशी चूक त्याची नव्हती, हे त्याला एकदा सांगावे. आम्ही सांगून थकलो, त्याला पटत नाही. सगळ्या गावाने सांगितले तर कदाचित पटेल.