देणारा हात घरात तयार होतो
(देवालयाच्या जीर्णोद्धार समारंभात केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. तालुक्याच्या कचेरीत आवक-जावक लिहिणारा कारकून, शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. कमिटीने पावतीपुस्तक माझ्याकडे सोपवले होते, म्हणून आज आपल्यासमोर उभा आहे. देणगीदारांची यादी स्मरणिकेत छापली आहे, ती वाचत बसत नाही. मुलांना देण्याची सवय कशी लागते, याविषयी मनातले थोडे सांगतो.

देवाच्या कार्यात माशाची गोष्ट काढतो म्हणून रागावू नये. आपल्या किनाऱ्यावर ती टळत नाही. लहानपणी रापण लागली की आम्ही पोरे दोर ओढायला धावायचो. आता रापणी थोड्या राहिल्या, यांत्रिक नौकांच्या जाळ्यांपुढे त्यांचा निभाव कठीण झाला. पण तेव्हा दोराला हात लावणाऱ्या पोरालाही मूठभर मासळी मिळायची. चार बांगडे घेऊन मी घरी आलो की आई त्यातले दोन बाजूला काढायची आणि म्हणायची, "आधी काकीक नेऊन दी, मगे आपला." काकी म्हणजे शेजारची एकटी म्हातारी. मोठे बांगडे तिकडे जायचे याचा मला राग यायचा, हे खोटे कशाला बोलू? पण मासे माझ्या कमाईचे होते आणि नेऊन देणारा हातही माझाच होता. आईने दानधर्मावर कधी एक अक्षर सांगितले नाही.

अशाच रोजच्या सवयीवर घाटावर केवढे कार्य उभे राहिले पाहा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. गोरगरिबांच्या मुलांची वसतिगृहे चालवायची तर धान्य हवे, म्हणून मुष्टिफंड निघाला. घरोघरच्या बायांनी मूठभर धान्य त्या मुलांसाठी बाजूला ठेवायचे. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या जेवणासाठी दागिने आणि मंगळसूत्रही मोडले. तो त्याग थोरच, आपण हात जोडतो. पण तुमच्या-माझ्यासारख्याला जमण्यासारखी आहे ती मूठ. ती काढताना चुलीपाशी बसलेले पोर बघत असते.

आता माझी चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा किनाऱ्यावरून मिळालेली मासळी वाटेत एका घरी देऊन रिकाम्या हाताने आला. मी कचेरीतून दमून आलो होतो. "घरात कालवण नाही आणि हा निघाला कर्ण!" असे चारचौघांत बोललो. त्यानंतर तो मिळालेले सगळे मुकाट्याने घरी आणू लागला. मला बरे वाटले, इतका मी आंधळा.

यंदा जीर्णोद्धाराची वर्गणी सुरू झाली तेव्हा यादीत त्याचे नाव यावे म्हणून मी ५०१ रुपयांची पावती त्याच्या नावाने फाडली. ती हातात घेऊन तो म्हणाला, "पैसे तुमचे. पावती माझ्या नावान कित्याक?" मला उत्तर देता आले नाही. नोकरीत इतकी वर्षे नोंदी तपासल्या, ही चुकीची नोंद मात्र पोराने दाखवली.

पुढे गवंडी काम करत होते तेव्हा रविवारी तो विहिरीवरून त्यांना पाणी आणून द्यायचा. मी त्याला सांगितले नव्हते. त्याची पावती नाही. आणि गेल्या महिन्यात त्याच्या पिशवीतली मासळी पुन्हा अर्धीच घरी आली. कुठे दिलीस, हे मी विचारले नाही. त्याच्या आईने पिठले केले, ते आम्ही तिघांनी खाल्ले.

ते ५०१ रुपये माझ्या नावावर जमा केले आहेत. हिशेब तपासनिसांना पावतीपुस्तकात एक पावती 'रद्द' शेऱ्यासह चिकटवलेली दिसेल, ती हीच.