खेळाचं दुकान टाकावं का?



गटाच्या बैठकीत कोण कशासाठी कर्ज मागेल, याचा नेम नसतो. शिलाई मशीन, शेळ्या, पोळीभाजी, मुलीची फी, घरावरचे पत्रे, ही कारणं आपल्या पाठ आहेत. पण मागच्या वर्षी पवईत आमच्या एका गटापुढे अशी मागणी आली की आमच्या तीन बैठका तिच्यातच गेल्या. गटातल्या एका मावशीच्या मुलाला पिनबॉलचं दुकान टाकायचं होतं. आज तीच गोष्ट सांगतो, कारण असा प्रश्न उद्या तुमच्याही गटात येईल. तुमच्याकडे त्याला गेम झोन म्हणतील, व्हिडिओ गेमचं दुकान म्हणतील, पण हिशेब तोच असेल.

आधी पिनबॉल म्हणजे काय ते सांगतो. जत्रेत आपण सगळ्यांनी खिळे ठोकलेली लाकडी पाटी पाहिली आहे. गोटी सोडायची, ती खिळ्यांवर आपटत आपटत खाली येते आणि ज्या खणात पडेल तेवढे गुण. पिनबॉल ही त्याच पाटीची मोठी बहीण. कमरेएवढं उंच, थोडं तिरपं टेबल, वर काच. आत ८० ग्रॅमची पोलादी गोळी. खाली दोन छोट्या दांड्या, त्या बटण दाबून हलवायच्या आणि गोळी खाली पडू न देता परत वर मारायची. दिवे लागतात, घंटा वाजतात, गुण वाढत जातात.

पवई तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. तलाव, आयआयटी, हिरानंदानीचे उंच मनोरे. आमच्या गटातल्या बहुतेक जणी त्या मनोऱ्यांत धुणीभांडी, स्वयंपाक करतात आणि राहतात शेजारच्या वस्त्यांत. मावशीचा मुलगा एका गेम झोनमध्ये मशीन दुरुस्तीचं काम करत होता. हात चांगला. त्याला वाटलं, दुसऱ्याच्या मशीन किती दिवस दुरुस्त करायच्या? वस्तीच्या रस्त्यावर गाळा घेऊ, एक जुनी पिनबॉल मशीन, एक व्हिडिओ गेमची मशीन ठेवू. पोरं येतील, आयआयटीची मुलंही येतील.

मागणी होती दोन लाखांची. बाकी चार लाख तो बँकेकडून मुद्रा योजनेत घेणार होता. त्या योजनेत ५० हजारांपर्यंत शिशु आणि त्यावर ५ लाखांपर्यंत किशोर कर्ज मिळतं, हे तुम्हाला माहीत आहेच. पण गटाचे दोन लाख म्हणजे काय? बारा जणी, महिन्याला २०० रुपये, सहा वर्षं. गुणाकार करा, १ लाख ७२ हजार ८०० होतात. त्यावर अंतर्गत कर्जाचं व्याज धरून दोन लाखांच्या थोडे वर. म्हणजे पेटीतला शेवटचा रुपयासुद्धा एकाच घरात जाणार होता.

पहिल्या बैठकीत पैशाचं बोलणं झालंच नाही. एक ताई एकदम म्हणाली, "मशीनचं नाव काय ते मला सांगू नका. माझा नवरा पगाराच्या दिवशी असल्याच एका मशीनसमोर उभा राहायचा आणि घरी रिकाम्या हाताने यायचा. माझ्या दोनशे रुपयांतून दुसरीच्या घरात तेच होणार असेल तर मी सही करणार नाही." मावशीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "माझा पोरगा जुगार चालवणार नाही." आम्हाला दोघींपैकी कुणालाच चूक म्हणता येईना. म्हणून आम्ही ठरवलं, आधी माहिती काढू, मग बोलू.

माहिती काढली तेव्हा कळलं की हे भांडण आमच्या गटापुरतं नाही, ते फार जुनं आहे. नाणं टाकून खेळायची अशी पाटी अमेरिकेत १९३१ च्या सुमारास खूप चालली. तेव्हा तिथे मंदी होती, लोकांच्या हाताला काम नव्हतं आणि एका नाण्यात पाच-सात गोळ्या मिळायच्या. पण तेव्हा त्या दोन दांड्या नव्हत्या. गोळी सोडली की पुढे सगळं नशिबावर. पैजा लागू लागल्या. १९४२ मध्ये न्यूयॉर्क शहराने या मशीनवर बंदी घातली आणि तिथल्या महापौरांनी स्वतः घण घेऊन मशीन फोडल्या. दांड्या आल्या १९४७ मध्ये आणि खेळ हाताच्या कौशल्याचा झाला. तरी बंदी उठायला १९७६ साल उजाडलं. त्या वेळी रॉजर शार्प नावाच्या एका खेळाडूने नगरसेवकांसमोर मशीन आणून, गोळी कुठून जाणार ते आधी सांगितलं आणि तशीच मारून दाखवली.

आपल्याकडेही कायद्याची रेघ तिथेच ओढलेली आहे. मुंबईचा जुगारबंदीचा कायदा १८८७ चा आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो लागू होत नाही. पण नशीब आणि कौशल्य यांची सरमिसळ असली की प्रश्न उभा राहतो. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या व्हिडिओ गेमच्या खटल्यात अशा खेळांवर परवान्याचं बंधन घालता येतं, असं ठरवलं. म्हणून साधी गोष्ट लक्षात ठेवा. खेळायचे पैसे घेणं वेगळं आणि जिंकल्यावर पैसे देणं वेगळं. गुणांच्या बदल्यात रोख रक्कम किंवा रोखीत बदलता येणारं बक्षीस आलं की खेळाचा जुगार होतो, मग मशीन कोणतीही असो.

परवान्याचंही पाहिलं. मुंबईत सार्वजनिक करमणुकीच्या जागेला पोलीस आयुक्तांच्या नियमांप्रमाणे परवाना लागतो. किराणा दुकानासारखं उद्या शटर उघडलं, असं होत नाही. आणि आगीचा प्रश्न तर सोडूच नका. राजकोटमध्ये २५ मे २०२४ रोजी गेम झोनला आग लागली, २५ हून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. त्या जागेला अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला नव्हता, असं नंतर पुढे आलं. आमच्या वस्तीतला गाळा दहा बाय पंधराचा, मागे दार नाही, वायरिंग जुनं. तिथे संध्याकाळी वीस पोरं कोंबायची, ही कल्पनाच आम्हाला सोसेना.

तरी आम्ही म्हणालो, समजा परवाना मिळाला, जागा चांगली मिळाली, तर धंदा चालेल का? दुसऱ्या बैठकीत फळ्यावर हिशेब मांडला. तो तुम्हीही वहीत लिहून घ्या.

आधी भांडवल. नवी पिनबॉल मशीन अमेरिकेत साधारण ७ हजार डॉलरपासून पुढे, म्हणजे आपले सहा लाखांच्या आसपास. जहाजाचं भाडं, आयात शुल्क आणि जीएसटी वेगळे. ते आपल्या आवाक्यातलं नव्हतंच. जुनी मशीन त्याला तीन लाखांना मिळत होती, व्हिडिओ गेमची जुनी मशीन दोन लाखांना, गाळ्याचं डिपॉझिट एक लाख. झाले सहा लाख.

आता महिन्याचा खर्च. गाळ्याचं भाडं २२ हजार. वीज ५ हजार. हाताखालच्या मुलाचा पगार १३ हजार. दुरुस्ती ४ हजार. सहा लाखांवर वर्षाला १२ टक्के व्याज, तीन वर्षांत फेड, म्हणजे हप्ता साधारण २० हजार. एकूण ६४ हजार. यात मावशीच्या मुलाला स्वतःला एक रुपयाही धरलेला नाही.

एका खेळाचे २० रुपये. वस्तीत त्याहून जास्त कोण देणार? ६४ हजार भागिले २० म्हणजे महिन्याला ३,२०० खेळ. तीस दिवस दुकान उघडं ठेवलं तर दिवसाला १०७ खेळ.

इथपर्यंत सगळ्या गप्प होत्या. मग आमची सचिव, जी सातवी शिकली आहे, तिने विचारलं, "पण दिवसात १०७ खेळ होतात तरी का?" तो प्रश्न आम्हाला कुणालाच सुचला नव्हता. एक खेळ चार मिनिटांचा, पुढचा गिऱ्हाईक उभा राहीपर्यंत आणखी एक मिनिट. पोरं शाळेतून आणि माणसं कामावरून येतात संध्याकाळी, खरी गर्दी पाच ते नऊ. चार तास म्हणजे २४० मिनिटं. एका मशीनवर ४८ खेळ, दोन मशीनवर ९६. म्हणजे रोज संध्याकाळी एक मिनिटही मशीन रिकामी राहिली नाही, तरी खर्च निघत नाही. पगारी मुलगा काढून टाकला तरी ८५ खेळ लागतात. रविवारी दुपारी थोडे जास्त होतील, पण मग परीक्षेचे दिवस आहेत, मुंबईचा पाऊस आहे आणि प्रत्येक पोराच्या हातात फुकटचा गेम असलेला मोबाईल आहे.

मैत्रिणींनो, धंद्याचा हिशेब करताना आपण विचारतो, किती विकलं तर परवडेल? पण तेवढं विकणं शक्य तरी आहे का, हेही विचारा. पोळ्यांचं केंद्र असेल तर एका तव्यावर तासाला किती पोळ्या होतात ते मोजा. गिरणी असेल तर तासाला किती किलो दळण निघतं ते मोजा. त्या आकड्याच्या वर कमाई जाऊच शकत नाही.

दुरुस्तीचंही असंच. पिनबॉलच्या मशीनमध्ये रबराच्या कड्या, दिवे, तारांची वेटोळी, स्विच, शेकड्यांनी भाग असतात आणि गोळी दिवसभर त्यांना आपटत असते. काही ना काही बिघडणारच. मुलगा हुशार आहे, पण सुटा भाग परदेशातून येईपर्यंत मशीन बंद. मशीन बंद राहिली तरी हप्ता चुकत नाही.

मग मोठ्या मॉलमधले गेम झोन कसे चालतात? तिथे माणूस आधीच खरेदीला, सिनेमाला आलेला असतो. खाणं विकलं जातं, वाढदिवस होतात, वीस-तीस मशीन असतात, एक बंद पडली तर दुसरी चालते. आपण एका गाळ्यात त्याची नक्कल करू शकत नाही.

आणि जत्रेतला पाटीवाला कसा जगतो? हे आम्हाला गटातल्या एका आजींनी सांगितलं. त्यांचं माहेर साताऱ्याकडचं. त्या म्हणाल्या, "अगं, तो एका गावात बसत नाही. त्याचा खेळ तोच असतो, पण गिऱ्हाईक रोज नवं. तुमच्या गाळ्यात गिऱ्हाईक तेच, मग खेळ रोज नवा कुठून आणणार?" सगळ्या माहितीतून जे आम्हाला नीट कळलं नव्हतं, ते आजींच्या दोन वाक्यांत कळलं.

तिसऱ्या बैठकीत ठराव झाला. दोन लाखांचं कर्ज नामंजूर. मावशीने सही केली, पण पुढच्या दोन बैठकांना ती आली नाही. आम्ही घरी गेलो तर चहा दिला, बोलली काही नाही. आम्हालाही रात्री वाटायचं, एका कष्टाळू पोराची वाट आपण अडवली का? नाही म्हणणं सोपं नसतं, मैत्रिणींनो. नाही म्हटल्यावर त्या घरी परत जाणं त्याहून अवघड असतं.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मुलाने पलंगाखालून एक लाकडी पाटी काढून दाखवली. खिळे, रबर, दोन दांड्या, सगळं हाताने बसवलेलं, वीज नाही. आजींचं बोलणं त्याच्या कानावर गेलं होतं. तो म्हणाला, "दुकान नको. मी खेळच घेऊन लोकांकडे जातो." अशा तीन पाट्या, दोन कॅरम बोर्ड आणि रिंग फेकायचा खेळ, सगळ्याला मिळून त्याने १८ हजार मागितले. ते गटाने त्याच बैठकीत दिले. अट एकच, रोख बक्षीस कुठेही ठेवायचं नाही. ज्या ताईने सुरुवातीला विरोध केला होता, तिनेच ती अट इतिवृत्तात लिहून घेतली आणि मग सही केली.

सोसायट्यांमधले वाढदिवस, गणपती मंडळ, एका शाळेचा आनंदमेळावा, असं करत पहिल्या चार महिन्यांत नऊ कामं मिळाली, प्रत्येकी अडीच हजारांची. साडेबावीस हजार आले. टेम्पो, मदतनीस, डागडुजी यांत ६,३०० गेले. हातात १६,२०० राहिले. म्हणजे भांडवलाचे १,८०० अजून निघायचे आहेत. मुलाने नोकरी सोडलेली नाही, आणि आम्हीही सोड म्हणत नाही. कामं बहुतेक शनिवार-रविवारची, त्याला जमतात. पावसाळ्यात काय होईल ते पाहायचं आहे. मावशी आता बैठकीला सगळ्यांच्या आधी येते.

तर तुमच्या गटात असा प्रस्ताव आला तर हसण्यावारी नेऊ नका आणि भुलूही नका. जागेला परवाना लागतो का आणि बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, ते बघा. जिंकणाऱ्याला पैसे मिळणार असतील तर तिथेच थांबा. दिवसाला जास्तीत जास्त किती काम होऊ शकतं ते मोजा. मशीन बिघडली तर भाग कुठून येणार ते विचारा. आणि गटाची सगळी पेटी एका घरात रिकामी करू नका. मागच्याच महिन्यात आमच्या गटात एकीच्या ऑपरेशनसाठी रात्री आठ वाजता ३० हजार लागले. पेटी उघडली, पैसे होते, दिले.

पुढच्या बैठकीत हा फळ्यावरचा हिशेब तुमच्या गावच्या भाड्याने आणि तुमच्या दराने मांडून बघा. धंदा कुठलाही घ्या, गिरणी घ्या, ब्यूटी पार्लर घ्या. आकडा लिहायला सगळ्यात कमी शिकलेल्या बाईला उभं करा. आमच्याकडे बरोबर प्रश्न तिनेच विचारला होता.