जुनी सायकल की नवी?

मुलगी आठवीत गेली, शाळा पाच किलोमीटरवर. सायकल तर हवीच. गावात एक जुनी स्वस्तात मिळते आहे, पण घरची मंडळी म्हणतात, ‘नवीच घ्या, कटकट नको.’ मग करावं काय?

आधी सायकल उजेडात उभी करा. रंगाला भुलू नका, सांगाडा पाहा. नळ्यांच्या सांध्यावर चीर आहे का? पुढचा चिमटा मागं दबलाय का? तसं असेल, तर फुकटही घेऊ नका. उतारावर तो मोडला, तर पोर तोंडावर आपटेल. सांगाडा शाबूत असेल, तर बाकीचं बहुतेक सारं बदलता येतं.

मग साखळी. ती ताणून धरा आणि फूटपट्टी लावा. नव्या साखळीच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. खिळा १/१६ इंच पुढं गेला, तर साखळी बदलायला झाली. १/८ इंच गेला, तर दात्यांची चक्रंही झिजली असं समजा. गुरुजी, हे माप वर्गात जरूर घ्या; अपूर्णांक मुलं विसरणार नाहीत.

आता टायर, ब्रेकची रबरं, छर्रे, मजुरी यांचा खर्च कागदावर मांडा. त्यात मागितलेली किंमत मिळवा. बेरीज नव्या सायकलीच्या जवळ गेली, तर नवीच बरी. निम्म्यावर थांबली, तर जुनी खुशाल घ्या. पण सहीची पावती घ्यायला विसरू नका, बरं का!

सायकल जुनी असली तर चालेल. मुलीची शाळा मात्र बुडता कामा नये.