शिडाच्या होडीतील रविवार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळात आजवर मी बोलले ती पापडाच्या पिठाविषयी, नाहीतर भिशीच्या हिशेबाविषयी. यंदा अध्यक्षबाईंनी फर्मावले की, "तुम्ही रविवारी होडीत जाता, त्याविषयी सांगा." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करण्याची सवय नाही. तेव्हा घडले तसे सांगते, चुकले तर सांभाळून घ्या.

आधी माझ्या भीतीविषयी सांगायला हवे. माझे माहेर अलिबाग तालुक्यातले. १७ जुलै १९४७ या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट ऐन पावसाळ्यात काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांत माझ्या आजीचा थोरला भाऊ होता. आजीने त्यानंतर बोटीत पाय ठेवला नाही. आईनेही नाही. लग्न होऊन मी मुंबईला आले तीसुद्धा पेणवरून, एस. टी. ने. पुढे २०२० पासून मांडव्याला मोटारी नेणारी मोठी रो-रो बोट सुरू झाली, तरी आमचे माहेरपण एस. टी. नेच चालले होते. समुद्राकाठी जन्मून समुद्राला पाठ दाखवणारी आमची तिसरी पिढी!

आमच्या घरचे दक्षिण मुंबईतल्या एका शिडाच्या होड्यांच्या क्लबात हिशेब लिहितात. चार वर्षांपूर्वी एका रविवारी ते डबा विसरले, म्हणून मी तो घेऊन गेले. तेथे एक निवृत्त शिक्षिका होड्यांजवळ उभ्या होत्या. त्यांची होडी दोन माणसांची, आणि नेहमीची जोडीदारीण आजारी होती. मला म्हणाल्या, "ताई, येता का? अर्ध्या तासात परत आणते." मी नाही म्हणणार तोच घरचे म्हणाले, "ती? ती पाण्याला फार भिते." खरे सांगते भगिनींनो, ते शब्द नसते तर मी गेले नसते.

ही होडी आपल्या कोळीबांधवांच्या होडीसारखी नव्हे. एंटरप्राइज हे तिचे नाव. जॅक होल्ट नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९५६ साली तिचा आराखडा केला. लांबी सुमारे १३ फूट. मागे एक मोठे शीड, पुढे एक लहान. मधोमध पाण्यात खाली सोडायची एक फळी असते, ती नसेल तर वारा होडीला आडवी ढकलत नेईल. बाई सुकाणू धरतात आणि मोठे शीड सांभाळतात. धाकट्या शिडाचा दोर माझ्याकडे. होडी कलली की दोघींनी वरच्या अंगाला सरकून बसायचे. शिडाखालची आडवी काठी एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाते, तेव्हा डोके खाली घालायचे. पहिल्या दिवशी मी ते विसरले आणि कपाळावर टेंगूळ घेऊन घरी आले!

अंगात तरंगते जाकीट घातल्याशिवाय मात्र कोणालाही पाण्यावर सोडत नाहीत. शिवाय किनाऱ्याजवळ होडी मुद्दाम उलटी करून ती सरळ करायला शिकवतात. मधल्या फळीवर उभे राहून भार दिला की ती पुन्हा उठते. पहिल्या खेपेस मी पाण्यात पडल्या पडल्या आजीचे नाव घेतले. तिसऱ्या खेपेस मला हसू आले.

वारा समोरून असेल तर होडी त्याच्या तोंडावर सरळ जात नाही. मग घाटातल्या रस्त्यासारखी वळणे घेत जायचे, थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे. वेळ लागतो, पण माणूस पोहोचतो. आणि वारा फार झाला तर? मी घाबरून दोर आणखी घट्ट आवळीत असे, आणि होडी आणखी कलत असे. बाई म्हणाल्या, "अहो, सोडा!" दोर सैल केला की शीड फडफडते, जोर जातो आणि होडी सरळ होते. आवळून धरायची सवय आपल्या हाताला संसाराने लावलेली, ती सुटायला मला दोन महिने लागले.

सातवीच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे होते. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा येतो, तो खारा. रात्री जमीन लवकर निवते, मग वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, तो मतलई. मी हे पाठ केले, मार्क मिळवले आणि पुढच्या वर्षी शाळा सुटली. आता हिवाळ्यातल्या सकाळी उरणच्या बाजूने येणारा गार वारा गालाला लागतो आणि मनात येते, हाच की तो मतलई! धडा शिकले तेव्हा बारा वर्षांची होते, तो समजला चाळिशीनंतर.

आता एक प्रसंग सांगते. गेल्या माघातली गोष्ट. आम्ही आठ वाजता निघालो. साडेदहाला मतलई पडला आणि पाणी तेलासारखे निवांत झाले. शीड लोंबू लागले. पण पाणी मात्र थांबले नव्हते. ओहोटी आम्हाला हळूहळू बंदराबाहेर दक्षिणेला ओढीत होती. बाई वल्हे मारू लागल्या. त्यांचे वय अडुसष्ट. मला आजीचा भाऊ आठवला. घशाला कोरड पडली.

मग एकदम कॅलेंडर आठवले. आजीचा एक हिशेब होता, कोकणात पुष्कळांना ठाऊक आहे. तिथीची पाऊणपट केली की ढोबळमानाने भरतीची वेळ निघते. त्या दिवशी अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे बारापर्यंत ओहोटी, मग पाणी उलटेल. शिवाय अष्टमी म्हणजे भांगाचे पाणी, उधाणासारखी ओढ नाही. मी म्हटले, "बाई, वल्हे ठेवा. मोठ्या जहाजांच्या वाटेपासून आपण बाजूला आहोत. नांगर टाकू. बारानंतर पाणीच आपल्याला घरी नेईल."

बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि नांगर टाकला. आम्ही पोळीभाजी खाल्ली. पलीकडे रेवसकडचा किनारा धुरकट दिसत होता. मी त्या दिशेला हात जोडले. बाईंनी काही विचारले नाही. बारा वाजून गेल्यावर कुलाब्याच्या बाजूचे पाणी काळसर दिसू लागले, शीड एकदा फडफडले आणि खारा वारा आला. पाणीही उलटले होते. एक वाजता आम्ही धक्क्याला लागलो.

क्लबात शर्यती होतात, चषक मिळतात. त्यांत आम्ही दोघी नसतो. उगीच जायचे, फिरून यायचे. एक बाई मला म्हणाल्या, "मग उपयोग काय?" भगिनींनो, आपल्या दिवसातली प्रत्येक घटका कोणाच्या तरी उपयोगाची असते. दोन तास बिनउपयोगाचे असले तर काय बिघडले? २०१७ च्या सप्टेंबरात आपल्या नौदलातल्या सहा महिला अधिकारी 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून गोव्याहून निघाल्या आणि मे २०१८ मध्ये पृथ्वीला वळसा घालून परत आल्या. त्यांना माझे वंदन. आमची धाव मात्र धक्क्यापासून धक्क्यापर्यंत, आणि पावसाळ्याचे चार महिने होडी ताडपत्रीखाली.

एक सांगायचे राहिले. आईला मी हे चार वर्षे सांगितले नव्हते. माघातल्या त्या दिवसानंतर गावी गेले आणि रात्री सगळे सांगून टाकले. ती बराच वेळ गप्प होती. मला वाटले, आता रडणार. मग म्हणाली, "अष्टमीला गेलीस ते बरे केलेस. उधाणाच्या दिवसांत जात जाऊ नकोस." आणि थोड्या वेळाने, "ती मांडव्याची बोट, तिला तिकीट किती गं?"

यंदा मे महिन्यात आई माझ्याकडे आली ती त्या बोटीने. सगळा वेळ माझा हात घट्ट धरून बसली होती. मांडवा दिसेनासा झाला तसा तिने तो सोडला.