थकलेली पोटगी

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातील दोन शेजारचे तालुके. मधून भीमा वाहते. या तीरावरचा मनुष्य त्या तीरावर जातो तो बाजाराला, सोयरिकीला, उसाच्या कामाला. आणि इकडे रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी व तिकडे कुरकुंभ येथे कारखाने उभे राहिल्यापासून नोकरीसाठीही जातो. परंतु नदी ओलांडणारांत एक वर्ग असा आहे की, तो यांपैकी कोणत्याच कामासाठी जात नाही. तो जातो न्यायालयाचे वॉरंट चुकवावयास. स्वतःच्या लेकरांची पोटगी थकवून पळणाऱ्या बापांविषयी मी आज बोलणार आहे. आणि त्यांना पळू देणाऱ्या आपणांविषयीही.

प्रथम एक हकीकत सांगतो. ती माझ्या अंगावर येणारी आहे, म्हणूनच सांगतो.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. पहिल्या बाकावर बसवूनही तिला फळ्यावरचे दिसेना. मी तिच्या आईला बोलावून सांगितले, "बाई, हिला चष्मा लागला आहे; डोळे दाखवून घ्या." ती म्हणाली, "व्हय गुरुजी, पोटगी आली की दाखविते." न्यायालयाने मुलीपुरते दरमहा दोन हजार रुपये ठरवून दिले होते. दोनतीन महिने ते आले. पुढे बंद झाले. बाप घर सोडून भीमेपलीकडे गेला.

तो बाप माझाच जुना विद्यार्थी. एकदा दौंडच्या बाजारात भेटला. वाकून पाया पडला आणि विचारता झाला, "गुरुजी, पोरगी कशी आहे?" मी म्हटले, "हुशार आहे." त्याने खिशातून शंभराची नोट काढून माझ्या हाती दिली. "तिला खाऊला द्या. आणि मी भेटलो हे तिच्या आईला सांगू नका." मी नोट पोचती केली आणि गप्प राहिलो. पुढे पोलीस ठाण्याचा हवालदार वॉरंट घेऊन गावात आला. त्याने चारचौघांना विचारले, मलाही विचारले. भावकीने सांगितले, "इथे राहत नाही." मी म्हणालो, "मला ठाऊक नाही." दुसऱ्याच्या संसारात आपण कशाला पडावे, असा तेव्हाचा माझा विचार. वॉरंटावर शेरा पडला, "मिळून आला नाही," आणि ते परत गेले.

आता त्या एका शेऱ्याने काय झाले, हे समजण्यासाठी कायदा थोडासा पाहिला पाहिजे.

पोटगी या शब्दातच पोट आहे, आणि पोट तारखेची वाट पाहत नाही. आपल्या मुलांचे पोषण करण्याचे बापाचे कर्तव्य फौजदारी कायद्याने फार पूर्वीपासून मानले आहे. १८९८ च्या संहितेत ते कलम ४८८ मध्ये होते आणि दरमहा पन्नास रुपयांहून अधिक पोटगी देता येत नसे. १९७३ च्या संहितेत ते कलम १२५ झाले व मर्यादा पाचशेची राहिली. २००१ साली ती मर्यादाच काढून टाकण्यात आली. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली असून तीत हा विषय कलम १४४ ते १४७ यांत आहे. मूल औरस असो वा अनौरस, त्याचा हक्क सारखाच. आईबापांचे नाते तुटले तरी बाप व मूल हे नाते तुटत नाही, हे या कलमांचे मर्म होय.

हुकूम होऊनही पैसे आले नाहीत, तर वसुलीचा अर्ज करावा लागतो. न्यायाधीश दंडाच्या रकमेप्रमाणे ती वसूल करण्याचे वॉरंट काढतात. जंगम मालाची जप्ती होते. जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. तरीही रक्कम बाकी राहिली, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद देता येते. "तुरुंगात जाऊन आलो, आता देणे फिटले," असे कित्येक जण फुशारकीने सांगतात. ते खोटे आहे. कैद हा वसुलीचा मार्ग आहे, फेड नव्हे. असे सर्वोच्च न्यायालयाचे मत १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका निकालात स्पष्ट आहे. पैसे दिल्यावाचून देणे फिटत नाही.

परंतु या वाटेवर एक खाच आहे. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला पाहिजे. एरवी त्या रकमेसाठी असे वॉरंट निघत नाही. दिवाणी मार्ग उरतो, पण तो लांबचा. पळणारा बाप ही गोष्ट कायद्याच्या विद्यार्थ्यापेक्षा चांगली जाणतो. त्याला जिंकावयाचे नसते; आई थकेपर्यंत थांबावयाचे असते.

आमच्या गावी तसेच झाले. वॉरंट परत आले तशी ती माउली खचली. दिवसाची मजुरी बुडवून तारखेस जावयाचे आणि रिकाम्या हाताने परतावयाचे, हे तिला किती दिवस परवडणार? ती तारखांना जाईनाशी झाली; अर्ज गैरहजेरीत निकाली निघाला. पुन्हा उभारी धरून तिने नवा अर्ज केला, तेव्हा सव्वीस महिन्यांची रक्कम थकली होती. त्यांपैकी बारा महिन्यांची मागता आली. चौदा महिन्यांचे अठ्ठावीस हजार रुपये त्या वाटेने गेले ते गेलेच. माझ्या एका "ठाऊक नाही"ची ती किंमत होती आणि ती भरली त्या मुलीच्या डोळ्यांनी.

दुसऱ्या खेपेस मी तिला त्याचा पत्ता सांगितला: कुरकुंभास कोणत्या ठेकेदाराकडे कामाला जातो, पगार कोणत्या दिवशी होतो, सगळे. वॉरंट कारखान्याच्या फाटकाशी बजावले गेले. त्याने काही रक्कम भरली व बाकीचे हप्ते बांधून घेतले. चष्मा आला. डोळे तपासणाराने आईला सांगितले, "फार उशीर केलात." ती काही बोलली नाही. मी शेजारीच उभा होतो.

म्हणून ज्या भगिनींवर असा प्रसंग आला असेल, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

एक, हिशेबाची वही ठेवावी. कोणत्या महिन्याचे किती आले, कोणत्या तारखेस आले, हे लिहावे. हुकुमाची प्रत विनामूल्य मिळण्याचा आपला हक्क आहे. ती जपून ठेवावी. वर्ष उलटू न देता अर्ज करावा आणि केलेला अर्ज मध्येच सोडू नये.

दोन, नदी ओलांडल्याने हुकूम मरत नाही. पोटगीचा अर्ज आई राहते त्या जिल्ह्यातही करता येतो, आणि झालेल्या हुकुमाची अंमलबजावणी तो मनुष्य जेथे असेल तेथील न्यायदंडाधिकारीही करू शकतात. समन्स मुद्दाम चुकविणाऱ्याच्या गैरहजेरीतही निकाल देता येतो.

तीन, वकिलाच्या फीच्या भीतीने घरी बसू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रिया व मुले यांना, उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळू शकतो. तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यावा.

चार, नोकरदार बापाचा पगार हाती लागू शकतो. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली पोटगीचा हुकूम झालेला असून तो पाळला नाही, तर पगाराचा काही भाग परस्पर त्या स्त्रीस द्यावा किंवा न्यायालयात भरावा, असे मालकास फर्मावता येते.

"मला मिळकतच नाही" ही तर ठरलेली सबब. तिच्यावर सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी इलाज सांगितला. तो खटला आपल्या नागपूरचाच. २०१३ साली तान्ह्या मुलाच्या आईने तेथील कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला. २०१५ साली अंतरिम हुकूम झाला. बाप उच्च न्यायालयात व तेथून दिल्लीस गेला. शेवटचा निकाल लागेपर्यंत मूल सात वर्षांचे झाले होते. थकलेली रक्कम बारा आठवड्यांत भरण्याचा हुकूम तर झालाच. शिवाय देशातील सर्व न्यायालयांसाठी असे ठरविण्यात आले की, दोन्ही पक्षांनी आपली मिळकत व मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर उघड करावी, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. तेव्हा सातबारा, गाडी, पगार, जे आपणांस ठाऊक असेल ते टिपून ठेवावे.

बापाची बाजूही मी विसरत नाही. काम सुटते, दुखणे येते, पीक जाते. अशा वेळी परिस्थिती पालटली म्हणून पोटगीची रक्कम बदलून मागण्याची सोय त्याच कायद्यात आहे. प्रामाणिक गरिबाने न्यायालयाच्या दारात जावे, पळावे का? आणि जो म्हणतो, "पैसे दिले तर ती चैन करील," त्याने लेकराची वही, चप्पल, औषध यांचा जमाखर्च एकदा मांडून पाहावा. हा पैसा बायकोवर केलेला उपकार नव्हे. तिच्यावरचा रागही त्यातून वळता करून घेता येत नाही.

चौफुल्याहून केडगावास गेले म्हणजे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन लागते. १८९६-९७ च्या दुष्काळात अनाथ मुली व निराधार विधवा यांना मध्य प्रांतातून आणून रमाबाईंनी या दौंड तालुक्याच्या माळावर आसरा दिला, आणि १९२२ साली देहही तेथेच ठेवला. ज्यांना कोणी नव्हते, त्यांच्यासाठी एक परकी बाई आई झाली. ज्या लेकराला धडधाकट, कमावता बाप आहे, त्याने मात्र कोणाच्या दयेवर का वाढावे?

श्रोतेहो, पळणारा मनुष्य आपल्या पायांवर पळत नाही; तो गावाच्या मुकेपणावर पळतो. जत्रेत त्याला मानाचा नारळ देणारे आपण, लग्नात पंक्तीला बसविणारे आपण, आणि हवालदार आला म्हणजे "ठाऊक नाही" म्हणणारेही आपणच. पोटगी न देणाऱ्याला एवढेच विचारावे, "बाबा, या महिन्याचे दिलेस का?" आणि वॉरंट आले तर खरे ते सांगावे. हे दुसऱ्याच्या संसारात पडणे नव्हे. फळ्यावरची अक्षरे ज्या लेकराला दिसत नाहीत, त्याच्या बाजूने बोललेले ते एक वाक्य आहे. मी ते फार उशिरा बोललो. आपण वेळेवर बोलावे, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेतो.