शेतातील पीक आणि ताटातील अन्न
(बरकतपुरा, हैदराबाद येथे दिलेले व्याख्यान)



नैवेद्याचा तांदूळ कोणत्या शेतातून आला, हे एके काळी आपल्या घराण्यांतील लहान मुलासही ठाऊक असे. गोव्यात १९६४ साली कुळकायदा झाला. पुढे आपण नोकरीपेशाचे झालो आणि तांदूळ दुकानातून येऊ लागला. परंतु जो आजही शेतात राबतो, त्याच्याही घरी हेच घडत आहे. त्याविषयी चार शब्द बोलतो.

या शहराजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीची संशोधनसंस्था स्थापन झाली. १९७५ पासून तिने सहा गावांतील प्रत्येकी ४० कुटुंबांचा संसार नोंदवावयास आरंभ केला. त्यांपैकी दोन गावे सोलापूर व दोन अकोला जिल्ह्यातील, म्हणजे मराठी मुलखातील होती. त्या काळी ज्वारीच्या ओळींमध्ये तूर, मूग पेरीत. एकाच शेतातून माणसांना भाकरी व वरण आणि गुरांना कडबा मिळे.

पुढे विदर्भ-मराठवाड्यात ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. ते रोख पैसा देते. परंतु घरच्या चुलीवर क्वचितच शिजते. मिळकतीचेही तसेच. सरकारी पाहणीनुसार २०१२-१३ साली देशातील शेतकरी कुटुंबास दरमहा सरासरी ३,०८१ रुपये पिकांपासून व २,०७१ रुपये मजुरी-पगारातून मिळत. २०१८-१९ साली पिकांचे ३,७९८, तर मजुरी-पगाराचे ४,०६३ रुपये झाले. म्हणजे शेतकऱ्याच्या घरी पिकांपेक्षा मजुरी-पगारातून अधिक पैसा येऊ लागला.

ताटात भात आला, तो केवळ हौसेने नव्हे. आंध्र प्रदेशात १९८३ साली दोन रुपये किलोने तांदूळ मिळू लागला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने स्वस्त धान्य हा देशभर हक्क झाला, आणि १ जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य मिळते. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना याचे मोल सांगावयास नको. दिवसभर मजुरी करून आलेल्या बाईने भाकरी थापण्याऐवजी भात टाकला, तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार आपणांस नाही.

चिंता निराळीच आहे. त्या कायद्यात तांदूळ, गहू व भरडधान्य आहे, डाळ नाही. पूर्वी शेत देई ती डाळ आता विकत घ्यावी लागते. सोयाबीनचा भाव पडला, की वरण पातळ होते, आणि त्याची झळ आधी मुलांना लागते. पोट भरते, अंग भरत नाही.

म्हणून एक विनंती. आपल्या अन्नसंतर्पणाची तूरडाळ शक्यतो थेट शेतकऱ्याकडून, रास्त दराने, पेरणीपूर्वी शब्द देऊन घ्यावी. खात्रीचे गिऱ्हाईक असेल, तर चार ओळी तुरीच्या पेरावयास तो कचरणार नाही. आणि त्यातील मूठभर त्याच्याही घरी शिजेल. देवाच्या पानावरचे वरण पिकविणाऱ्याच्या मुलास ते मिळावे, याहून मोठे पुण्य मला तरी ठाऊक नाही.