तबस्सुम : एका स्मिताची वाटचाल
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मराठी मंडळाच्या व्यासपीठावरून हिंदी पडद्यावरील एका अभिनेत्रीविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु गोष्ट मुंबईची आहे, आणि परप्रांतात संसार थाटलेल्या आपल्यासारख्यांनी तिच्यातून घेण्याजोगे पुष्कळ आहे.

१९४४ साली मुंबईत जन्मलेल्या या मुलीला दोन नावे लाभली. वडील अयोध्यानाथ सचदेव हिंदू, आई असगरी बेगम मुसलमान, दोघेही स्वातंत्र्यसैनिक. पत्नीच्या धर्माचा मान राखून वडिलांनी तिला तबस्सुम म्हटले, तर पतीच्या धर्माचा मान राखून आईने किरणबाला. तबस्सुम म्हणजे स्मित.

१९४७ च्या ‘नर्गिस’ चित्रपटातून त्या पडद्यावर आल्या, तेव्हा जेमतेम तीन वर्षांच्या होत्या. ‘दीदार’ (१९५१) मध्ये नर्गिसच्या आणि ‘बैजू बावरा’ (१९५२) मध्ये मीनाकुमारीच्या बालपणीची भूमिका त्यांनी केली. ‘बेबी तबस्सुम’ सर्वतोमुखी झाली. परंतु बालनटाची कीर्ती हे फसवे धन होय. वय वाढते आणि ज्या निरागसतेवर लोक भाळले, तीच हातची जाते. मोठेपणी त्यांच्या वाट्याला बहुधा दुय्यम भूमिका आल्या. त्यावर खंत करीत न बसता हजरजबाबीपणा आणि विनोद एवढ्या भांडवलावर त्यांनी नवी वाट काढली.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी आरंभ झालेला त्यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा मुलाखतींचा कार्यक्रम १९९३ पर्यंत, तब्बल एकवीस वर्षे चालला. शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात सतरंजीवर बसून तो पाहिलेले आपल्यापैकी अनेकजण येथे असतील. पाहुण्याला खिंडीत गाठणे हा त्यांचा बाणा नव्हता. एखाद्या चुटक्याने त्याचे अवघडलेपण घालवावे, आणि तो खुलला की आपण मागे सरावे, ही त्यांची रीत. सूत्रसंचालकाने स्वतःचेच घोडे पुढे दामटू नये, हा धडा आमच्यासारख्या हौशी निवेदकांनी गिरवण्याजोगा आहे.

‘गृहलक्ष्मी’ मासिकाचे संपादन त्यांनी पंधरा वर्षे केले. विनोदाची पुस्तके लिहिली. १९८५ साली ‘तुम पर हम कुर्बान’ हा चित्रपट निर्माण व दिग्दर्शित केला. उतारवयात ‘तबस्सुम टॉकीज’ या नावाने त्या यूट्यूबवर जुन्या कलावंतांच्या आठवणी सांगत. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी ते स्मित मावळले.

मित्रहो, आपल्या मुलांच्या जिभेवरही आज दोन भाषा आहेत. घरची टिकावी म्हणून दारची झिडकारावी, किंवा दारची यावी म्हणून घरची सोडावी, अशी अडचण आपण उगीचच मानतो. त्या घराने दोन्ही नावे आनंदाने बाळगली. आपल्या मंडळाने पन्नास वर्षे जे जपले, तेही याहून वेगळे नव्हे.